न केलेला फोन

१८ मार्च २०२०. लंडनमध्ये दुपारचे बारा वाजले होते, आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. त्या क्षणापासून ब्रिटन, युरोपीय संघातले देश आणि तुर्कस्तान इथून भारताकडे निघणाऱ्या कोणाही प्रवाशाला विमानात घेऊ नका, असा आदेश भारत सरकारने कोरोनाच्या साथीमुळे दोन दिवस आधी विमान कंपन्यांना दिला होता. कोणाही प्रवाशाला, म्हणजे भारताचा पासपोर्ट असलेल्यालाही. बाकीच्या जगातून येणारी विमानं त्याच आठवड्याच्या अखेरीस थांबली. नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा पुन्हा पूर्वीसारखी सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडला. मधल्या दोन वर्षांत लोक घरी आले ते सरकारने सोडलेल्या ‘वंदे भारत’ विमानांनी, पुढे एकेका देशाशी झालेल्या ‘एअर बबल’ करारांमुळे, आणि मालदीवमधले काही जण तर नौदलाच्या ‘जलाश्व’ जहाजातून कोचीला.

आमच्या घरात या काळावरून एक वाद आहे. माझा धाकटा दादा तेव्हा लंडनला होता, आयटी कंपनीच्या ऑनसाइट कामावर. काम संपलं होतं, परतायचं होतं. वहिनी, म्हणजे थोरल्या अण्णाची बायको, डॉक्टर आहे, सरकारी आरोग्य सेवेत. मार्चमध्ये तिची ड्यूटी मुंबई विमानतळावर होती आणि मेमध्ये परदेशातून आलेल्यांना ठेवलं होतं त्या हॉटेलांवर. इतकी वर्षं हा विषय निघाला की दोघंही दोन वाक्यं बोलून उठायचे. यंदा मे महिन्यात गावी सगळे जमलो असताना तो पहिल्यांदा पुरता बोलला गेला. मी मध्ये फारशी पडले नाही. ऐकलं ते लिहिते आहे, कारण पुढची साथ येईल तेव्हा हेच प्रश्न कोणाच्या तरी घरात पुन्हा येतील आणि तेव्हा विचार करायला सवड नसेल.

“चौदा दिवस कोंडून ठेवलं याचा मला राग नाही, वहिनी,” दादा म्हणाला. “राग आहे तो त्या अठरा तारखेचा. माझं तिकीट एकवीसचं होतं. सतराला मेल आला, विमान रद्द. कंपनीने पैसे परत द्यायच्या ऐवजी व्हाउचर पाठवलं. तिथल्या नियमाप्रमाणे सात दिवसांत पैसे मिळायला हवे होते, पण निदान त्यासाठी कोणाशी भांडायचं हे तरी ठाऊक होतं. देशात येऊ देत नाहीत म्हणून कोणाशी भांडायचं? परदेशी माणसाचा व्हिसा थांबवला, समजू शकतो. मी व्हिसा मागत नव्हतो. मी घरी येत होतो.”

“तुमच्या हातात पासपोर्ट होता, भाऊजी. आमच्या हातात काय होतं ते सांगते. ताप मोजायची थर्मल गन आणि एक छापील फॉर्म. उतरायच्या आधी पॅरासिटामॉल घेतलेला माणूस त्या गनसमोरून आरामात निघून जायचा. ताप असला तर ‘ए’ गट, सरळ रुग्णालय. वय जास्त, मधुमेह, रक्तदाब असेल तर ‘बी’, त्यांना देखरेखीखाली ठेवायचं. उरलेले सगळे ‘सी’. त्यांना सांगायचं, घरी जा आणि चौदा दिवस बाहेर पडू नका. मग डाव्या हातावर मतदानाच्या शाईने शिक्का मारायचा. शिक्के सुरू करून दोन दिवस झाले नाहीत तर जर्मनीहून आलेले चौघं हातावर शिक्का घेऊन गरीब रथमध्ये बसले. पालघरला उतरवावं लागलं त्यांना.”

“चौघांनी नियम मोडला म्हणून सगळ्यांना बाहेर ठेवायचं?”

“नियम पाळणाऱ्यांचंच सांगते. ९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले दोन रुग्ण सापडले. नवरा-बायको, दुबईची सहल करून आलेले. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी पॉझिटिव्ह आली, आणि मुंबई विमानतळावरून त्यांना पुण्याला सोडणारा टॅक्सीवालाही. त्या नवरा-बायकोचा काही दोष नव्हता, त्यांना लागण झाल्याचं माहीतच नव्हतं. पण टॅक्सीवाला दुबईला गेला नव्हता. तुमचा हक्क तुमच्या पासपोर्टात लिहिलेला होता. त्याचा कुठे लिहिला होता?”

दादाने याला लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाला, “त्याचं उत्तर विमान थांबवणं नाही. उतरल्या उतरल्या मला एका खोलीत ठेवायचं. अंधेरीत हॉटेलं कमी आहेत का? मेमध्ये ठेवलंच ना?”

“मेमध्ये ती हॉटेलं टाळेबंदीने रिकामी केली होती. मार्चच्या मध्यावर त्यांत पाहुणे होते, लग्नं होती. आणि खोली म्हणजे नुसता पलंग नव्हे. दारात जेवणाचा डबा ठेवणारा माणूस लागतो. त्याला किट लागतं. रोज फोन करून ताप-खोकला विचारणारा लागतो. कोणी पॉझिटिव्ह निघाला तर अॅम्ब्युलन्स लागते आणि ती जिथे जाईल तिथे बेड लागतो. मार्चच्या सुरुवातीला मुंबईतले नमुने कस्तुरबा रुग्णालयाच्या लॅबमध्ये जायचे, किट आम्ही मोजून वापरायचो. रोज उतरणारी सगळी विमानं त्या तयारीवर पेलली नसती.”

वहिनीचं हे सगळं खरं आहे. पण मला दादाचा प्रश्न तेवढ्याने संपल्यासारखा वाटत नाही. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या बाराव्या कलमानुसार कोणाचाही स्वतःच्या देशात येण्याचा हक्क मनमानीने काढून घेता येत नाही. भारत १९७९ मध्ये या करारात सामील झाला. साथीत दार काही काळ लावून घेणं मी मनमानी म्हणणार नाही. ते केव्हा उघडेल, कोणासाठी आधी उघडेल आणि ज्याची गरज खरोखर तातडीची आहे त्याने कुठे जायचं, यातलं काहीच न सांगणं ही मनमानी आहे. एप्रिलमध्ये परदेशात अडकलेल्यांच्या याचिका सर्वोच्च न्यायालयासमोर आल्या. १३ एप्रिलला न्यायालयाने सुनावणी चार आठवडे पुढे ढकलली आणि जिथे आहात तिथेच थांबा, असं सांगितलं. त्या चार आठवड्यांत आमच्या बाबांना अर्धांगाचा झटका आला.

बाबा गावी होते, संगमेश्वरच्या पुढे. आई आणि शेजारचे दोघं त्यांना घेऊन रत्नागिरीला गेले. अण्णा आणि वहिनी मुंबईत, जिल्ह्याच्या सीमा बंद. दादा लंडनमध्ये एका भाड्याच्या खोलीत. ब्रिटनने अडकलेल्यांच्या व्हिसाची मुदत ३१ मेपर्यंत वाढवली होती, तेवढी एक चिंता नव्हती.

“एप्रिलच्या शेवटी नोंदणीचा फॉर्म निघाला,” दादा म्हणाला. “परतण्याचं कारण या रकान्यात मी लिहिलं, वडील गंभीर आजारी. त्यानंतर काही नाही. मी कितवा आहे, यादी कुठे आहे, या आठवड्यात की पुढच्या महिन्यात. रात्री दोनला उठून मेल बघायचो. गरोदर बायका आधी, म्हातारे आधी, नोकरी गेलेले आधी, घरात मृत्यू झालेले आधी, हे सरकारने सांगितलं होतं आणि ते बरोबरच होतं. माझ्याआधी शंभर गरोदर बायका असत्या तर मी आनंदाने थांबलो असतो. पण शंभर आहेत की हजार, हे तर कळू दे!”

पहिलं वंदे भारत विमान ७ मे २०२० ला अबू धाबीहून कोचीला उतरलं. पहिल्या आठवड्यासाठी बारा देशांतून ६४ विमानं ठरली होती. त्यांतली १५ एकट्या केरळसाठी होती, महाराष्ट्रासाठी ७. केरळात परदेशस्थ माणसांसाठी ‘नोर्का’ नावाचं स्वतंत्र खातं आहे. त्याने एप्रिलमध्येच परतू इच्छिणाऱ्यांची नोंद करून ठेवली होती, कोण कुठल्या देशात आणि का अडकलाय याची. आपल्या राज्याकडे असं खातं नव्हतं. कोकणातल्या घरोघरची माणसं मस्कत, कुवेत, दुबईत असतात, मुंबई-पुण्यातली मुलं अमेरिका-इंग्लंडला. त्यांची मोजदाद ठेवणारी एक खिडकी आपण तेव्हा उभारलेली नव्हती, आणि मला ही केवळ प्रशासनाची नाही, आपली सगळ्यांचीच बेपर्वाई वाटते.

लंडनहून मुंबईचं भाडं सरकारने ५०,००० रुपये ठरवलं होतं. विलगीकरणाचा खर्च प्रवाशाचा, आणि तसं आधीच लिहून द्यायचं. १० मेच्या पहाटे दादा मुंबईत उतरला.

“विमान गच्च भरलेलं. मधली सीटसुद्धा. नऊ तास शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा.”

“म्हणूनच चौदा दिवस,” वहिनी म्हणाली. मधल्या सीटचा हा प्रश्न पुढे मुंबई उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला. २५ मेला सर्वोच्च न्यायालयाने झालेल्या बुकिंगपुरती, ६ जूनपर्यंत, ती सीट भरायला परवानगी दिली. “तुमच्या शेजारच्याला लागण असती तर ती तुमच्यात दिसायला पाच दिवस लागले असते, क्वचित चौदा. उतरताना तुमची चाचणी निगेटिव्ह आली असती तरी तिला अर्थ नव्हता. हे तुम्हाला कळत होतं, भाऊजी. तरी तुम्ही फोन केलात.”

आमच्या घरातला वाद खरा इथे आहे. हॉटेलात आल्यावर दोनच दिवसांत दादाने वहिनीला फोन केला होता. बाबांचं बोलणं गेलंय, आई एकटी आहे, मला ताप नाही, खोकला नाही. तुमच्याच खात्यातली माणसं इथे येतात, त्यांना एक शब्द सांगा, मी गाडी करून थेट गावी जातो, कोणाला भेटत नाही. वहिनी नाही म्हणाली. ती स्वतः त्याच रस्त्यावरच्या हॉटेलांवर ड्यूटीला होती.

“ते माझेही बाबा होते,” वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “लग्न होऊन आले तेव्हापासून मला त्यांनी सून म्हणून कधी हाक मारली नाही, डॉक्टर म्हणायचे. मी गेले होते का त्यांच्याकडे? माझ्या आईला तरी भेटले होते का? तुम्ही म्हणता एक फोन. त्या मजल्यावर तुमच्याशेजारी कोण होतं ते तुम्हाला माहीत नव्हतं, मला होतं. एका मुलीचा भाऊ वारला होता. एका म्हाताऱ्या बाईंचा नवरा आयसीयूत होता. त्यांची वहिनी डॉक्टर नव्हती. तुम्हाला सोडलं असतं तर उद्या त्या मुलीसमोर मी कुठल्या तोंडाने गेले असते?”

“त्या मुलीलाही सोडायला हवं होतं!”

“हवं होतं. पण मी नव्हे. नियमाने.”

दादाने इथे हात टेकले नाहीत. उलट त्याचा सगळ्यात बळकट मुद्दा त्याने इथे काढला, आणि तो ऐकताना वहिनी पहिल्यांदा गप्प झाली. २४ मेला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नवे नियम काढले. सात दिवस पैसे भरून संस्थात्मक विलगीकरण, पुढचे सात दिवस घरी. गरोदर स्त्रिया, घरात मृत्यू झालेले, गंभीर आजार असलेले, दहा वर्षांखालच्या मुलांचे आई-वडील अशांना अपवाद म्हणून चौदाही दिवस घरी राहता येईल. “वहिनी, ज्या दिवशी माझे चौदा दिवस भरले त्याच दिवशी हा कागद निघाला. विषाणू तोच, विमान तेच, मधली सीटही भरलेलीच. माझ्यासाठी नसेल, पण त्या मुलीसाठी जे २४ मेला सुरक्षित होतं ते १२ मेला धोक्याचं कसं होतं? तो परिच्छेद पहिल्याच दिवशी लिहायला काय लागत होतं?”

थोड्या वेळाने वहिनी म्हणाली, “काही लागत नव्हतं. घाईत लिहिला होता पहिला नियम. कोणी मुद्दाम केलं नाही, पण ते लिहायला हवं होतं.”

माझ्या मते या वादाचा गाभा हाच आहे, आणि तो आमच्या घरापुरता नाही. साथीत घरी परतणाऱ्याला थांबवावं लागतं, हे दादाला मान्य आहे. काहींना सवलत द्यावीच लागते, हे वहिनीला मान्य आहे. ती सवलत नियमातच लिहिलेली असली की ज्याची वहिनी डॉक्टर नाही त्यालाही मिळते. लिहिलेली नसली की माणसं ओळख शोधतात, आणि ओळख सापडली नाही की पैसे. जानेवारी २०२१ मध्ये, विषाणूच्या नव्या ब्रिटिश प्रकाराच्या भीतीने सक्तीचं विलगीकरण पुन्हा कडक झालं असताना, प्रवाशांकडून पैसे घेऊन त्यांना विमानतळावरून परस्पर सोडवल्याच्या आरोपावरून मुंबई महापालिकेच्या एका अभियंत्याला अटक झाली. ते वाचलं तेव्हा मला वहिनीने न केलेला फोन आठवला.

नियमात न लिहिलेल्या माणसांचं काय होतं, याचं त्याहून मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. एच-वन-बी व्हिसावरच्या अनेकांची नोकरी त्या उन्हाळ्यात गेली आणि साठ दिवसांत देश सोडायची वेळ आली. आई-वडिलांकडे भारतीय पासपोर्ट, मूल मात्र तिथे जन्मलेलं, अमेरिकी पासपोर्टचं, ओसीआय कार्ड असलेलं. ओसीआय कार्डावरचा व्हिसामुक्त प्रवेश मार्चमध्येच थांबवला होता. म्हणजे विमानात आई बसू शकत होती आणि तिचं तान्हं मूल नाही. २२ मेला सरकारने अशा मुलांना परवानगी दिली. परदेशात भारतीयांना मुलं होतात हे दिल्लीला मार्चमध्येही ठाऊक होतं.

“आपण विमानांचंच बोलतोय,” वहिनी अचानक म्हणाली. “तुमचं विमान निघायच्या आदल्या दिवशी काय झालं ते आठवतंय का? ८ मेची पहाट. करमाडजवळ.”

आठवत होतं. जालन्यातल्या कारखान्यातले मजूर भुसावळहून श्रमिक रेल्वे मिळेल या आशेने रुळांवरून चालत निघाले होते, मध्य प्रदेशात आपापल्या गावी जायला. थकून रुळांवरच झोपले. मालगाडीखाली सोळा जण गेले.

“त्यांनाही घरीच जायचं होतं, भाऊजी. त्यांची नोंदणी कुठल्या फॉर्मवर होती? तुमच्यासाठी हॉटेलात माणूस ठेवणारी यंत्रणा त्यांच्यासाठी एक बस ठेवू शकली नाही. हे डोक्यात असताना तुमच्या चौदा दिवसांची, बाटलीबंद पाण्याची, एसीच्या खोलीची तक्रार ऐकायला मला जड जात होतं. खरं सांगते.”

“मी त्या खोलीची तक्रार कधीच केली नाही,” दादा शांतपणे म्हणाला. “आणि माझा मुद्दा त्यांच्याविरुद्ध नाही, त्यांच्याच बाजूचा आहे. दार अचानक लावलं की आतला आणि बाहेरचा दोघंही रस्त्यावर येतात. मला १६ मार्चला दोन दिवस मिळाले होते. त्यांना २४ मार्चच्या रात्री चार तास मिळाले.”

यावर वहिनीने मान डोलावली. दोघांचं एकमत झालेली ही त्या दुपारची आणखी एक गोष्ट.

दादाचा एक मित्र मेलबर्नला राहणारा ऑस्ट्रेलियन नागरिक आहे, आईच्या आजारपणासाठी नाशिकला आला होता. दुसऱ्या लाटेत, ३ मे २०२१ पासून, ऑस्ट्रेलियाने भारतातून येणाऱ्या स्वतःच्या नागरिकांना नुसती बंदी घातली नाही, बंदी मोडली तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ६६,६०० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड ठेवला. सुमारे नऊ हजार ऑस्ट्रेलियन तेव्हा भारतात अडकले होते. त्यांतल्या एकाने केलेलं आव्हान तिथल्या न्यायालयाने १० मेला फेटाळलं. १५ मेला बंदी संपली आणि पहिलं विमान डार्विनला गेलं, तेही जवळजवळ अर्धं रिकामं, कारण निघण्याआधीच्या चाचणीत अनेक जण पॉझिटिव्ह आले आणि त्यांच्या घरच्यांनाही थांबवलं गेलं. दादाला हा अन्याय वाटतो. वहिनीला तो कायदा क्रूर वाटतो, पण ते रिकामं विमान तिला स्वतःच्या बाजूचा पुरावा वाटतं.

“ती माणसं चाचणीशिवाय बसली असती तर काय झालं असतं?” ती म्हणाली.

“चाचणी करायला कोणाची हरकत आहे? जे निगेटिव्ह होते त्यांना आधीचे दोन आठवडे तुरुंगाची धमकी का?”

मला मात्र या सगळ्यात न्यूझीलंडचं प्रकरण सर्वांत बोलकं वाटतं. तिथे परतणाऱ्या प्रत्येक नागरिकाला सरकारी देखरेखीच्या हॉटेलात खोली मिळवावी लागे. खोल्या थोड्या होत्या. २०२१ च्या सप्टेंबरपासून त्या संगणकावरच्या सोडतीने वाटल्या जाऊ लागल्या. हजारो जण एकाच वेळी रांगेत शिरायचे आणि यंत्र नंबर लावायचं. वरवर पाहता यापेक्षा निःपक्षपाती काय असेल? ना ओळख, ना पैसा. पण यंत्राला बाळंतपण कळत नाही आणि मरणाच्या दारातला बापही कळत नाही. अडकलेल्यांची संघटना न्यायालयात गेली. एप्रिल २०२२ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने विलगीकरण योग्य ठरवलं, पण माणसाची परिस्थिती न पाहता नशिबावर खोल्या वाटल्यामुळे काही नागरिकांच्या घरी परतण्याच्या हक्कावर समर्थन करता न येणारी गदा आली, असंही ठरवलं. दादा आणि वहिनी दोघांनाही हा निकाल आपापल्या बाजूचा वाटतो. दोघांचंही बरोबर आहे.

आता गावाचं. हे मी ऐकण्याआधी मला वाटायचं की दादाला खरा राग गावावर असेल. मुंबईतून सुटल्यावर ई-पास मिळवायला दिवस गेले, मग ३ जूनचं निसर्ग चक्रीवादळ आलं, वाटेत झाडं पडलेली. गावाच्या वेशीवर बांबू आडवा बांधलेला, शेजारी ग्राम कृती दलाची खुर्ची. दलाने सांगितलं, बाहेरून आलेला कोणीही असो, चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत. हॉटेलातली कागदपत्रं दाखवली, त्यांनी वाचली आणि परत दिली.

“त्याला वैद्यकीय अर्थ शून्य होता,” वहिनी म्हणाली. “चौदा दिवस पूर्ण केलेल्या माणसाला पुन्हा चौदा! मी तेव्हा फोन केला होता, सरपंचांना. तो फोन मी केला, कारण तिथे नियमच चुकीचा होता. त्यांनी ऐकलं नाही.”

“मला राग आला नाही,” दादा म्हणाला, आणि आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो. “शाळेच्या फळ्यावर आत असलेल्या प्रत्येकाचं नाव होतं. आला कधी, सुटणार कधी. मुंबईहून आलेला चाकरमानी असो की लंडनचा, चौदाच दिवस. एक बाई पोटुशी होती, तिला मास्तरांच्या रिकाम्या घरात ठेवलं होतं, आणि ते का ठेवलं तेही सगळ्यांना माहीत होतं. रोज संध्याकाळी दलातला एक जण गडग्यापलीकडे उभा राहून विचारायचा, काय हवं-नको. तिसऱ्या दिवशी त्यांनी खुर्चीत बसवून बाबांना शाळेच्या पटांगणापर्यंत आणलं. मी व्हरांड्यात, ते गडग्याबाहेर. वहिनी, तुमचा नियम शहाणा होता आणि गावाचा अडाणी. पण गावात मला माहीत होतं कोणाला विचारायचं.”

“अडाणी नियमाने माणसं मरतात, भाऊजी. आज तुम्हाला तो प्रेमळ वाटतो. त्याच वर्षी कितीतरी गावांनी मुंबईहून आलेल्या आजारी माणसाला वेशीबाहेर ठेवलं, उपचाराला उशीर झाला. फळ्यावर नाव लिहिल्याने चूक बरोबर होत नाही.”

“होत नाही. पण फळ्यावर लिहिलेली चूक दिसते तरी. दिसली तर कोणी सुधारेल.”

मग बराच वेळ ते दोघं पुढच्या वेळी काय हवं यावर बोलत बसले. वहिनीला आधी खोल्या हव्यात, म्हणजे विमानतळ असलेल्या प्रत्येक शहरात हॉटेलांशी, रुग्णवाहिकांशी साथ नसतानाच केलेले करार, कारण खोल्या किती यावरच विमानं किती हे ठरतं. दादाला नोंदणीत स्वतःचा क्रमांक दिसायला हवा. राज्याचं स्वतःचं परदेशस्थांचं खातं असावं, यावर दोघंही तयार होते. अपवाद पहिल्याच आदेशात असावेत, यावरही. अडलं ते मार्चवर. वहिनी म्हणाली, तयारी नसेल तर नागरिकांसाठीही दार थोडे दिवस बंद करावं लागतं, मी आजही तेच सांगेन, पण सात आठवडे नाही. दादा म्हणाला, एक दिवसही नाही. तयारी नसेल तर विमानं कमी करा, तपासून चढवा, शून्य करू नका. तिथे मी दादाच्या बाजूने आहे, हे मी दोघांनाही सांगितलं. वहिनीला ते आवडलं नाही.

“आणि पुन्हा मी हॉटेलात अडकलो तर?” दादाने विचारलं. “फोन केला तर?”

“करा की. मी नाहीच म्हणेन. पण अर्ज कोणाकडे करायचा आणि उत्तर किती तासांत आलं पाहिजे, ते तुम्हाला सांगेन. त्या मजल्यावरच्या सगळ्यांना सांगेन. तेव्हा तो नंबर माझ्याकडेच नव्हता.”